मिस्सात शांती द्यायची, पण ती घेणारंच पाठ फिरवून बसलं तर?

सुका_बोंबील | रविवार, दुपारी १:१०

मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेहून आलो, जेवलो, झोप येईना म्हणून लिहायला बसलो. इथे आमचे कॅथलिक लोक थोडेच, म्हणून आधी जरा समजावून सांगतो.

कॅथलिक मिस्सात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना झाली की थोड्या वेळाने फादर सांगतात, एकमेकांना शांतीची खूण द्या. परदेशात लोक हात मिळवतात, आपल्याकडे हात जोडतात. अर्ध्या मिनिटाचं काम. बाकं करकरतात, पोरं खिदळतात, सगळे डावी-उजवीकडे, मागे-पुढे वळून नमस्कार करतात आणि पुन्हा आल्टरकडे, म्हणजे वेदीकडे तोंड करतात.

माझी ताई माझ्यापुढे तीन बाकं सोडून बसते. ती डावीकडे वळते, उजवीकडे वळते, पुढच्या म्हातारीच्या खांद्याला हात लावून तिलाही नमस्कार करते. मागे मात्र वळत नाही. सहा वर्षं झाली. तिचा अंबाडा आणि त्यात तिरकी खोचलेली काळी पिन मला आता पाठ झालीय.

कारण घरगुती आहे, आईबाबांच्या जागेवरून झालेलं. त्यात शिरत नाही. माझ्यापुरतं मी तिला माफ केलंय. रात्री रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना तिचं नाव घेतो. तरी त्या अर्ध्या मिनिटात छातीत कसंतरी होतं.

आज प्रवचन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायावर होतं. येशू शिष्यांना म्हणतो, मी माझी शांती तुम्हाला देतो, पण जग देतं तशी नाही. फादर छान बोलले. पण जग देतं तशी नाही, तर मग कशी, ते काही मला कळलं नाही. ख्रिस्ती माणसाची शांती म्हणजे नक्की काय? मनाचं समाधान? भांडण नसणं? का मेल्यावरच मिळणारी कायतरी वस्तू? जाणत्यांनी लिहावं.

चहाबाज | रविवार, १:४२

पहिला नंबर! शांततेबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की गणपतीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची मीटिंग असते आणि तिथे चहा-बिस्किट चांगलं मिळतं. आता गंभीर लोकांनी लिहा.

निशापाळी | रविवार, ३:०५

मी नर्स आहे. वॉर्डाच्या दारावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि तिच्याच खाली नातेवाईक फोनवर ओरडत असतात. पण खरं सांगू? रात्री तीन वाजता वॉर्ड एकदम चिडीचूप झाला की आमच्या पोटात गोळा येतो. मॉनिटरची टिकटिक, कोणाचं कण्हणं, कोणी पाणी मागणं चालू असलं तर सगळं ठीक आहे. आवाज नसणं आणि सगळं बरं असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढं या नोकरीने शिकवलं. मराठीत एकीला शांतता आणि दुसरीला शांती म्हणत असावेत.

अक्षरवेडा | रविवार, ४:२०

निशापाळी, शब्दांचा भेद बरोबर पकडलात. त्यात भर घालतो. मराठीत 'शांत'चा ओढा विझण्याकडे, निवण्याकडे आहे. दिवा शांत झाला म्हणजे विझला. भूक शांत झाली, राग शांत झाला, वारा शांत झाला. म्हातारं माणूस गेलं तरी 'पहाटे शांत झाले' म्हणतो. वास्तुशांत, ग्रहशांत यांतही कोपलेलं काहीतरी निववायचं असतं. म्हणजे आपल्या कानाला शांती ही वजाबाकी वाटते, त्रास वजा केला की उरते ती.

येशूच्या तोंडी जो शब्द असणार तो शालोम. म्हणजे हिब्रूतला शालोम किंवा तो बोलायचा त्या अरामी भाषेतला त्याचा सख्खा भाऊ श्लामा. अरबीतला सलामही त्याच घरातला. श-ल-म या धातूचा अर्थ पुरं असणं, अखंड असणं. ही बेरीज आहे. गंमत म्हणजे याच धातूपासून फेडण्याचं क्रियापदही होतं. आज इस्राएलमध्ये दुकानात पैसे चुकते करायला जो शब्द वापरतात, तो 'लेशालेम'. जुन्या करारात निर्गमच्या २२व्या अध्यायात चोरीचे नियम आहेत. बैल चोरून कापला किंवा विकला तर एकाला पाच, मेंढराला चार भरून द्यायची. तिथे 'भरून द्यावे' यासाठी हेच क्रियापद आहे. म्हणजे त्या भाषेत शांती आणि भरपाई एका ताटात जेवतात.

धागाकर्त्याला याचा उपयोग होईल का, ठाऊक नाही. मला राहवलं नाही.

टिंगूमास्तर | रविवार, ५:३१

सुंदर धागा. यावर असिसीच्या संत फ्रान्सिसची प्रार्थना आठवली, 'हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन कर'. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या जिन्यात ती फ्रेम करून लावली होती. आठशे वर्षांपूर्वीचे शब्द, पण आजही ताजे!

अक्षरवेडा | रविवार, ५:५०

मास्तर, क्षमस्व, पण ती फ्रान्सिसची नाही. ती १९१२मध्ये एका फ्रेंच मासिकात निनावी छापून आली आणि त्याचं नाव नंतर चिकटलं. फ्रान्सिसचं स्वतःचं काम याहून भारी आहे. १२१९मध्ये ख्रिस्ती-मुसलमानांचं धर्मयुद्ध ऐन भरात असताना तो इजिप्तला गेला आणि शत्रूचा सुलतान अल-कामिल याला त्याच्या छावणीत जाऊन भेटला. लढाई थांबली नाही. पण तो गेला आणि जिवंत परत आला.

टिंगूमास्तर | रविवार, ५:५४

तुम्ही माझी शांती घालवलीत. (हलके घ्या.)

भायखळा_लोकल | रविवार, ९:१५

आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे मिस्सा नाही, उपासना. जुने मराठी ख्रिस्ती भेटले की आजही 'सलाम' म्हणतात. लहानपणी वर्गातल्या मुली मला विचारायच्या, तुम्ही मुसलमान का गं? घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, आपण शांती म्हणतो, फक्त ऐकणाऱ्याला कळत नाही. अक्षरवेडा यांचा प्रतिसाद वाचून आज पस्तीस वर्षांनी तिचं म्हणणं कळलं.

दुसरं. 'शांती' म्हटलं की लोकांना वाटतं येशू म्हणजे कायम गोड बोलणारा माणूस. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तोच म्हणतो की मी शांतता आणायला आलो नाही, तलवार आणायला आलो. बापलेकात, मायलेकीत फूट पडेल. आमच्या मराठी ख्रिस्ती समाजाने हे घरोघर पाहिलंय. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५च्या फेब्रुवारीत इथे मुंबईत झाला. त्यांना देवाशी समेट मिळाला, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या दिवसापासून काय आलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. पुढे कित्येक वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. एकाची शांती दुसऱ्याच्या संसारावर वरवंट्यासारखी फिरली. शेवटी त्या स्वतःच्या पायांनी त्या वाटेने गेल्या, ती गोष्ट वेगळी. पण मधली वर्षं कोणी पुसून टाकू नयेत.

कातरवेळ | रविवार, ११:४८

वाचत होते. लिहू की नको करत होते.

'शांती' हा शब्द माझ्या कानाला चांगला लागत नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी माहेरी परत आले तेव्हा हातावर वळ होते. चर्चच्या मंडळीतले दोन ज्येष्ठ आणि पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) घरी आले. आईने चहा केला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, वचन वाचलं, आणि म्हणाले, बाळा, ख्रिस्ती बाईने घरात शांती राखायची असते. माझ्या हातातली बशी थरथरत होती आणि तिचा कपावर आवाज येत होता. तो आवाज बंद व्हावा म्हणून मी ती खाली ठेवली. त्या खोलीत शांती बिघडवणारी एकटी मीच होते म्हणे.

नंतर मी स्वतः वाचायला लागले. जुन्या करारातल्या यिर्मयाच्या सहाव्या अध्यायात सापडलं. माझ्या लोकांची जखम हे वरवर बरी करतात, शांती नसताना शांती शांती म्हणतात. देव संदेष्ट्यांना आणि याजकांना झापतोय तिथे. मी त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. बायबलमध्ये रेघ मारायची माझी ती पहिली वेळ.

धागाकर्ते, तुमचं घरगुती आहे, ठीक. पण तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही तिला माफ केलंत असं आहे. कशाबद्दल, ते नाही.

भायखळा_लोकल | सोमवार, सकाळी ७:२०

कातरवेळ, सलाम. दोन्ही अर्थांनी.

निशापाळी | सोमवार, ७:५५

कातरवेळ, ❤️. आणि शेवटच्या ओळीला +१.

वसईकर_काका | सोमवार, १०:३०

मी ७४ वर्षांचा. बोटं मोबाईलवर नीट चालत नाहीत, सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. जगभरच्या बिशपांची व्हॅटिकन सभा झाली, १९६२ ते ६५, आणि मग हळूहळू मराठी आली. लोकांनी एकमेकांना शांती देणं आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भारतात चुंबन-मिठी नको म्हणून रोमने १९६९मध्ये हात जोडायला परवानगी दिली. आमच्या गावात पहिल्या रविवारी काय गोंधळ! ज्यांची विहिरीवरून, बांधावरून बोलणी बंद होती ते शेजारी शेजारी. कोणी खिशात रुमाल शोधतंय, कोणी पोराचं नाक पुसतंय. लॅटिन बरी होती असं माझा बाप म्हणाला.

माझ्या बापाचं आणि चुलत्याचं पाण्याच्या पंपावरून वाकडं होतं. पंप सामाईक पैशाचा, पण ठेवलेला आमच्या वाडीत. बाप दर ईस्टरला कन्फेशनला, म्हणजे पाद्र्याकडे पापांची कबुली द्यायला जायचा. एका वर्षी तिथून बाहेर आला तो लालबुंद. घरी येऊन म्हणाला, पाद्री म्हणतो पापक्षमा घे, पण आधी पंप देऊन ये. तीन दिवस शिव्या दिल्या त्या पाद्र्याला. चौथ्या दिवशी बैलगाडीत पंप घातला. चुलता दारात उभा राहून बघत राहिला, एक शब्द नाही. पंप उतरवायला मात्र आला, जड होता ना. दोघे भाऊ नंतर मरेपर्यंत फार काही बोलले नाहीत. पण पाणी दोन्ही वाड्यांना जायचं.

ही काही त्या पाद्र्याने काढलेली टूम नव्हती. चर्चची शिकवणच तशी आहे, दुसऱ्याचं घेतलेलं परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही.

कोर्टाची_पायरी | सोमवार, दुपारी २:१२

अवांतर होईल, पण 'आईबाबांच्या जागेवरून' हे वाचून माझ्यातला वकील जागा झाला. माहितीसाठी: ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय वारसा कायदा, १९२५ लागतो. पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे. मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली, काही फरक नाही. पुढे आईही तशीच गेली तर तिचा हिस्सा पुन्हा मुलांत सारखा. दोनच भावंडं असतील तर हिशोब सोपा आहे, निम्मं-निम्मं.

धागाकर्ते, सरळच विचारतो. जागा विकली का? पैसे कोणाकडे आहेत?

चहाबाज | सोमवार, २:३०

धागा चर्चमधून रजिस्ट्रार ऑफिसात गेला.

टिंगूमास्तर | मंगळवार, सकाळी ११:००

धागाकर्ते आहेत का? की शांत झाले?

अक्षरवेडा | मंगळवार, रात्री ८:४०

धागाकर्ते येईपर्यंत मूळ प्रश्नाचं उत्तर, 'जग देतं तशी नाही' म्हणजे काय. हे वाक्य बोललं गेलं तो रोमन साम्राज्याच्या ऐन शांततेचा काळ होता. सम्राट ऑगस्टसच्या नावाने रोममध्ये इ.स.पू. ९मध्ये शांतिदेवतेची वेदी उभी राहिली, ती आजही पाहायला मिळते. रस्ते सुरक्षित, व्यापार जोरात, आणि चूं केलं की क्रूस. जग देतं ती शांती ही, जिंकलेल्याने हरलेल्याला गप्प बसवून मिळवलेली. ज्याने हे वाक्य उच्चारलं त्याला दुसऱ्या दिवशी याच शांततेच्या नावाखाली खिळे ठोकले.

तीन दिवसांनी तो परत येतो, तेव्हा शिष्य दारं लावून भीतीने बसलेत. तो म्हणतो 'तुम्हांस शांती असो', आणि लगेच पुढे काय करतो? हात आणि कूस दाखवतो. जखमा झाकत नाही. हे योहानाच्या विसाव्या अध्यायात आहे. मी श्रद्धावान नाही, पण या एका प्रसंगापाशी दर वेळी थांबतो. 'झालं गेलं विसरा' म्हणणारी शांती असती तर हात पाठीमागे ठेवले असते.

सुका_बोंबील | गुरुवार, रात्री १२:३५

आहे. वाचत होतो. चार दिवस रोज लॉगिन करून बाहेर पडलो.

कोर्टाची पायरी, पैसे माझ्याकडे आहेत. म्हणजे होते. २०१८मध्ये आई गेली. वर्षभरात मी जागा ३८ लाखांना विकली आणि त्यात कर्ज घालून आत्ताचा फ्लॅट घेतला. ताईला आईची पोत आणि लोखंडी कपाट दिलं. ती म्हणाली, बाकीचं? मी म्हटलं, बघू. आईच्या शेवटच्या दोन वर्षांचं डायलिसिस मीच केलं होतं, रिक्षा, औषधं, सगळं. ते मनात धरून 'बघू' म्हणालो. ताई तेव्हा दर शनिवारी विरारहून लोकलने यायची आणि आईला आंघोळ घालून जायची, ते मी धरलं नव्हतं. नंतर ती आमच्याच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, भाड्याने राहायला आली.

सोसायटीच्या ऑफिसबाहेर जिन्यात तिने सही केली होती. टेबल रिकामं नव्हतं म्हणून कागद गुडघ्यावर ठेवून. पेन चालेना, तर तिने तळहातावर घासून चालू केलं. तिच्या हातावर निळी रेघ उमटली. मी 'घाई आहे' म्हणत होतो.

कातरवेळ, तुम्ही विचारलंत, कशाबद्दल माफ केलं. माझ्याशी बोलत नाही म्हणून मी तिला माफ केलं होतं. लिहिताना आता हसू येतंय, पण सहा वर्षं मला हे अगदी बरोबर वाटत होतं. रोझरीत नावसुद्धा घ्यायचो.

कातरवेळ | गुरुवार, ६:१०

लिहिलंत हे बरं केलंत. यापेक्षा जास्त शाबासकी मी देणार नाही.

कोर्टाची_पायरी | गुरुवार, ९:४५

डायलिसिसचा खर्च खरा आहे, तो मांडा. बिलं असतील तर समोर ठेवा, तिलाही तिचं मांडू द्या. आणि जे ठरेल ते दोघांच्या सहीने कागदावर घ्या. या वेळी टेबलावर.

वसईकर_काका | गुरुवार, ११:२०

मत्तय ५, ओवी २३-२४. वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. आम्हाला लहानपणी वाटायचं, आपल्या मनात राग असेल तर जायचं. तसं नाही लिहिलेलं. त्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर उठायचं आपण.

भायखळा_लोकल | गुरुवार, दुपारी १:०८

आणि जक्कय! जकातदार. येशू घरी उतरायला येतो म्हटल्यावर तो भजन नाही म्हणत. उभा राहून आकडा सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालंय. आकडा ऐकल्यावर म्हणतो, हे लक्षात घ्या.

चहाबाज | गुरुवार, १:२०

चौपट म्हणजे ७६ लाख. बोंबील, निम्म्यावर सौदा करा.

सुका_बोंबील | तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:०५

काहींनी खासगी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहितो.

मागच्या मंगळवारी गेलो होतो. रविवारी मुद्दामच नाही गेलो. हिशोबाची वही, हॉस्पिटलची सापडतील तेवढी बिलं आणि चार लाखांचा चेक नेला. एक मुदत ठेव मोडली. ताईने दार उघडलं, बघितलं, आत ये म्हणाली नाही, पण दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात गेली. मी चप्पल काढून बसलो. तिने बिलं एकेक करून चाळली. एका रिक्षाच्या खर्चावर बोट ठेवून म्हणाली, त्या दिवशी मी नेलं होतं आईला. बरोबर होतं तिचं. खोडलं.

शेवटी साडेसतरा लाखांवर ठरलं. तिने चेकवरची तारीख वाचली, नाव वाचलं, घडी न घालता कपाटात ठेवला, त्याच लोखंडी कपाटात. म्हणाली, बाकीचे कधी? मी म्हटलं, दर सहा महिन्यांनी. तिने कॅलेंडरवर खूण केली.

गळाभेट वगैरे काही नाही. चहा झाला.

इकडे घरी बायको आठ दिवस धड बोलत नाहीये. लेकीच्या बारावीनंतरच्या फीसाठी ठेवली होती ती ठेव. भायखळा_लोकल, ती तलवार आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायकोचंही चूक नाही. फ्लॅट घेतला तेव्हा पैसे कुठून आले ते मी तिलाही नीट सांगितलं नव्हतं.

निशापाळी | सोमवार, १०:३३

त्यांच्याशीही वही घेऊनच बसा. मग रविवारी? ताई वळल्या का?

सुका_बोंबील | सोमवार, १०:५१

ठाऊक नाही. ती साडेआठच्या मिस्साला असते. मी काल साडेसहाच्या गेलो. दुसरा हप्ता झाला की साडेआठला जाईन.